गाणं कुणी निवडलं?

"ताई, आता तुम्हीच समजवा हिला. अकरावीला गेली तरी हिचं कार्टून काही सुटत नाही!"

राखीपौर्णिमेला आळ्याला माहेरी गेले होते. अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोवर वहिनींनी लेकीची तक्रार माझ्यापुढे मांडली. भाची पडवीत बसलेली. कानात इअरफोन, हातात मोबाइल. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "काय करतेस गं? मला तरी दाखव."

तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला. पडद्यावर पाऊस पडत होता. आडरानातला बसथांबा, अंधारून आलेलं. एक मुलगी छत्री धरून उभी, पाठीवर धाकटी बहीण झोपलेली. बाबांची बस अजून आलेली नाही. या जपानी चित्रांना भाचीने लावलं होतं एक जुनं मराठी अंगाईगीत. दोन-अडीच मिनिटांचा तो व्हिडिओ संपला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मला आमचा आळेफाटा आठवला. पावसात एसटीची वाट बघताना आईने धाकट्या भावाला असंच पाठुंगळी घेतलेलं असायचं.

"हे तू केलंस?"

"चित्र माझं नाही आत्या, गाणंही माझं नाही. कुठलं चित्र घ्यायचं आणि त्याला कुठलं गाणं लावायचं, तेवढं मात्र माझं."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं एखादं पोर असेल. जपानी कार्टूनला ॲनिमे म्हणतात. त्यातले आवडते तुकडे निवडायचे, आवडत्या गाण्यावर बसवायचे आणि मित्रमैत्रिणींना दाखवायचे, असा हा नाद आहे. भाचीने घेतलेला सिनेमा होता 'माय नेबर टोटोरो'. हायाओ मियाझाकी यांनी तो १९८८ साली केला. आई दवाखान्यात आहे, वडील दोन मुलींना घेऊन खेड्यात राहायला येतात, एवढीच गोष्ट. त्यात भातखाचरं आहेत, शेजारची प्रेमळ आजी आहे, पाऊस आहे. आपल्याला परकं वाटावं असं फारसं काही नाहीच.

आणि जपानी चित्र, आपलं गाणं हा प्रकार आपल्यालाही नवा कुठे आहे? १९९०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, आठवतं? तो 'जंगल बुक' मुळात जपानचाच, १९८९ सालचा. पण आपल्याला आठवतं ते गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाज यांनी चाल दिलेलं शीर्षकगीत. शेरखानाला हिंदीत आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. चित्र जपानचं होतं, तरी मोगली आपल्या घरचा झाला. त्या गाण्याने झाला, त्या आवाजाने झाला.

या नादाची सुरुवात सांगतात ती १९८२ सालची. अमेरिकेत जिम कापोस्टास नावाच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले. एका जपानी अंतराळयुद्धाच्या मालिकेतली मारधाडीची दृश्यं त्याने वेचून काढली आणि त्यांना लावलं बीटल्सचं प्रेमाचा महिमा सांगणारं गाणं! पडद्यावर स्फोट आणि कानात प्रेम. बघणारे हसले असणार, पण लढाईकडे बघायची त्यांची नजरही थोडी बदलली असणार. चित्र तेच असतं, गाणं बदललं की अर्थ बदलतो. फोडणी बदलली की तीच डाळ वेगळी लागते ना, तसं.

मग मी भाचीला विचारलं, "निवडतेस कसं?" तशी ती खुलली. तिने आधी केलेला व्हिडिओही दाखवला. चित्रं हीच, पण गाणं धडाक्याचं. प्रत्येक ठेक्याला चित्र बदलत होतं. बघून डोळे दुखले.

"मला वाटलं होतं, जितकं पटापट बदलेल तितकं भारी दिसेल," ती म्हणाली. "पण त्यात ती मुलगी वाट बघतेय हेच दिसेना. वाट बघायला वेळ लागतो ना आत्या!"

तिचे काही नियम तिला करता करता सापडलेत. गाण्यात 'पाऊस' आला की पाऊस दाखवायचा आणि 'डोळे' आले की डोळे दाखवायचे, असं करायचं नाही. ते बालवाडीच्या तक्त्यासारखं दिसतं. पात्र बोलत असेल ते दृश्य टाळायचं, नाहीतर ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं. खाली संवादाच्या ओळी छापलेला तुकडा घ्यायचा नाही, कारण लक्ष वाचण्यात जातं. आणि आधी ठरवायचं की सांगायचं काय आहे. गाणं आवडतं म्हणून लावलं आणि चित्र सुंदर म्हणून घेतलं, तर दोघं शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला. त्या सिनेमात टोटोरो नावाचा एक भला थोरला केसाळ प्राणी त्या मुलीशेजारी येऊन उभा राहतो. ती त्याला बाबांसाठी आणलेली छत्री देते. झाडावरून छत्रीवर थेंब पडतात, टप् टप्. त्या आवाजाचाच त्याला इतका आनंद होतो की तो उडी मारतो. भाचीने त्या ठिकाणी अंगाई थांबवली होती. नुसते थेंब ऐकू येत होते.

"तिथे गाणं ठेवलं असतं तर तो कशाला हसतोय ते कळलंच नसतं," ती म्हणाली. "जिथे मूळ आवाजच महत्त्वाचा असतो तिथे आपलं गाणं लावायचं नसतं."

ती सहज बोलून गेली, पण मला एकदम माझ्या लग्नाची कॅसेट आठवली.

माझं लग्न १९९७ सालचं, आळ्यातच, दारात मांडव घालून. भावाने हौसेने शूटिंगवाला बोलावला होता. पुढे त्या कॅसेटची सीडी झाली, मग ती पेन ड्राइव्हमध्ये आली. त्या दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, लाव गं टीव्हीला. सगळे बसलो बघायला.

आधी बदामाच्या आकारात मी, मग फिरत्या फुलात नवरा. मग आला हळदीचा भाग. माझी आजी जात्यापाशी बसली होती. जात्याला हळकुंड-सुपारी बांधलेली, भोवती चार म्हाताऱ्या, खुंट्यावर सगळ्यांचे हात. आजीचे ओठ हलत होते. मान डोलत होती. मध्येच ती माझ्याकडे बघून हसली आणि पदराने डोळे पुसले. आणि हे सगळं चाललेलं असताना वर वाजत होतं एका हिंदी सिनेमातलं गाणं, त्या वर्षी पानटपरीवरसुद्धा वाजत असलेलं.

भाची म्हणाली, "आत्या, पणजी काय गातेय? तिचा आवाज कुठाय?"

कुठाय म्हणून काय सांगू? शूटिंगवाल्याने मिक्सिंग करताना मूळ आवाज पुसून गाणं भरलं. मूळ कॅसेट पुढच्या कुणाच्या तरी लग्नाला वापरली गेली. आजी २००४ साली गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठलाच नाही. त्या ओव्यांत तिने माझं नाव गुंफलं होतं, एवढंच मला आठवतं. शब्द आठवत नाहीत.

त्या माणसाला मी दोष देत नाही. तेव्हा तीच पद्धत होती. गाणी नसतील तर लोक म्हणायचे, कॅसेट सुकी सुकी वाटते. आणि जनरेटर, बँड, पोरांचा कालवा यांत मूळ आवाज ऐकण्याजोगा असतोच असंही नाही. पण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं की इथे गाणं हवं का, आणि हवं तर कुठलं. खरं सांगायचं तर, विचारायचं असतं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. घरातल्या बायकांनी साड्यांचे रंग ठरवले, रुखवत ठरवला, मानपान ठरवले. पण आपल्या घरची आठवण कुठल्या सुरात राहणार, हे मात्र एका परक्या माणसाने त्याच्या दुकानात बसून ठरवलं.

आणि नुसतं गाणंच नाही, चित्रंही त्यानेच निवडली. त्या कॅसेटमध्ये पुढाऱ्यांचे सत्कार, शाल-श्रीफळ अर्धा तास आहे. नवरदेवाचे मित्र वरातीत नाचताना वीस मिनिटं. पण आदल्या रात्री जागून पोळ्या लाटणाऱ्या माझ्या काकू-मावश्या? त्या एकदा दिसतात, कॅमेरा वळताना, ओझरत्या. माझी आई तर जवळजवळ नाहीच. ती कामात होती ना!

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचं झालं. आता ड्रोन असतो, लग्नाआधीचं शूटिंग असतं, टीझर असतो. मान्य. कॅमेरे सुधारले. निवड सुधारली का? हळदीला आजही ठरलेलं गाणं, पाठवणीला ठरलेलं गाणं. मुलीचं आणि आईचं शेवटचं बोलणं त्या गाण्याखाली दबलेलं. कुणी गेलं की स्टेटसला त्यांचा फोटो आणि त्यावर तयार रडकं गाणं. गेलेल्या माणसाला ते गाणं आवडायचं का, हे बघायला कुणाला सवड आहे?

आमच्याच भागातल्या, पुणे जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्रभरातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी वर्षानुवर्षं फिरून गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. कितीतरी बायकांचे आवाजही टेप झाले, आणि ते आज इंटरनेटवर ऐकता येतात. त्या बायकांना आपण काही मोठं गातोय असं वाटलंही नसेल. पण कुणाला तरी वाटलं की हा आवाज ठेवण्यासारखा आहे, म्हणून तो राहिला. माझ्या आजीच्या समोर कॅमेरा होता, माइक होता, आणि तरीही तिचा आवाज राहिला नाही.

म्हणून मला भाचीचा नाद नुसता टाइमपास वाटत नाही. वहिनींची काळजी खोटी नाही. रात्री बारापर्यंत मोबाइल, उद्या सकाळी कॉलेज, हे चालणार नाहीच. वेळ बांधून द्यावा लागतो, तो त्यांनी दिलाही आहे. दुसऱ्याचं चित्र आणि दुसऱ्याचं गाणं घेतलं की हौसेपुरतंच घ्यायचं, त्यावर पैसे करायचे नाहीत आणि ज्याचं त्याचं नाव लिहायचं, हेही तिला सांगितलं. पण ती पोर जे शिकतेय ते आपण शिकलोच नव्हतो. काय दाखवायचं, काय गाळायचं, कुठे सूर लावायचा आणि कुठे गप्प बसायचं!

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात कार्य निघेल तेव्हा शूटिंगवाल्याशी बोलताना फक्त पैशांचं बोलू नका. त्याला आधीच सांगा की हळदीची गाणी, मंगलाष्टकं, उखाणे आणि पाठवणी यांचा मूळ आवाज ठेवायचा. म्हाताऱ्या गाणार असतील तेव्हा माइक जवळ घ्यायला सांगा आणि तेवढा वेळ स्पीकर बंद करा. स्वयंपाकघरात दहा मिनिटं तरी कॅमेरा पाठवा. गाण्यांची यादी घरच्यांनी बसून करा, त्यात आईला विचारा, आजीला विचारा. आणि न कापलेलं सगळं शूटिंग स्वतःकडे मागून घ्या, त्याचे जादा पैसे पडले तरी द्या. घरात अशी एखादी ॲनिमेवेडी पोर असेल, तर शूटिंगवाल्याशेजारी तिला बसवा. तिला कळतं.

आमच्या आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. माउलींनी त्याच्या मुखातून वेद वदवले, अशी आपली श्रद्धा. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आले. या वेळी दर्शनाला गेले तेव्हा मनात आलं, ज्याला वाचा नव्हती त्याला माउलींनी वाचा दिली, आणि आम्ही मात्र गाणाऱ्या आजीची वाचा काढून घेतली. तीही हौसेने, पैसे मोजून.

निघायच्या आदल्या रात्री भाचीने आईला, म्हणजे तिच्या आजीला, विचारलं, "तुला येतात का गं पणजीच्या ओव्या?" आई आधी नको नको म्हणाली. मग बसली. पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, मोबाइल उशीवर ठेवला. आईला तीन ओव्या आठवल्या. चौथी अर्धीच आठवली. बाहेर पाऊस होता, तोही त्यात आलाय.

भाचीला विचारलं, याला चित्र कुठलं लावशील?

"अजून नाही ठरवलं," ती म्हणाली. "आधी नीट ऐकू दे."