शोकात्मिका आणि हुकलेली पेनल्टी

शोकात्मिका शिकवताना मी बरीच वर्षे एक उदाहरण देत असे. १७ जुलै १९९४, कॅलिफोर्नियातील पॅसाडिना, विश्वचषकाचा अंतिम सामना. ब्राझील आणि इटली १२० मिनिटे झुंजूनही गोलफलक ०-०. मग पेनल्टी शूटआउट. अखेरीस रॉबर्टो बॅजिओ चेंडू आडव्या खांबावरून बाहेर मारतो आणि कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा राहतो. विद्यार्थ्यांना ‘हॅमर्शिया’ चटकन समजे. त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘नेम चुकणे’! याहून सोयीचे उदाहरण कोठे मिळणार? ते उदाहरण साफ चुकीचे होते, हे आता कबूल करतो. मात्र साहित्याच्या वर्गांतून आणि क्रीडास्तंभांतून ते देणारा मी एकटाच नव्हतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

वस्तुस्थिती पाहू. बॅजिओची पेनल्टी इटलीची पाचवी होती. तिच्याआधी बारेसीने चेंडू बाहेर घालवला होता आणि मासारोचा फटका टाफारेलने अडवला होता. ब्राझील ३-२ असा पुढे होता आणि त्याची पाचवी पेनल्टी शिल्लक होती. म्हणजे बॅजिओने गोल केला असता तरी इटली तूर्त बरोबरीतच आली असती. शिवाय नायजेरिया, स्पेन व बल्गेरिया यांच्याविरुद्धच्या बाद सामन्यांत इटलीने केलेल्या सहा गोलांपैकी पाच याच माणसाचे. (सहावाही एका बॅजिओचाच, पण तो दिनो, नुसता आडनावबंधू.)

ॲरिस्टॉटलच्या विवेचनात नायकाचा प्रमाद कथानकाच्या पोटातून येतो. आधीच्या घटनांनी तो संभाव्य किंवा अटळ केलेला असतो. शूटआउट तर कथानकाबाहेरच आहे, आणि हे मी म्हणत नाही, फुटबॉलचे नियमच तसे मानतात. शूटआउटमधले गोल सामन्याच्या गोलसंख्येत धरले जात नाहीत. अधिकृत नोंदीत पॅसाडिनाचा सामना आजही ०-० असा बरोबरीतच आहे. चषक कोणाला द्यायचा, एवढ्यापुरती ती पुरवणी. संहिता बाजूला सारून पुरवणीवरून नायकाचे चरित्र ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देऊ?

दुसरा पक्ष म्हणतो, शूटआउट म्हणजे निव्वळ लॉटरी. हे तर त्याहून आळशी विधान. खरी लॉटरी होती ती १९६८ साली. त्या वर्षी युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, नेपल्समध्ये, इटली आणि सोव्हिएत संघ यांची ०-० अशी बरोबरी झाली आणि चक्क नाणेफेक करून इटलीला अंतिम फेरीत धाडण्यात आले. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाशी बरोबरी साधूनही इस्रायलचा संघ चिठ्ठ्या टाकून बाद ठरला. त्या अनुभवातून इस्रायली पदाधिकाऱ्यांनी फिफापुढे प्रस्ताव मांडला आणि १९७० मध्ये शूटआउट नियमात आले. अकरा मीटरवरून ७.३२ मीटर रुंदीच्या चौकटीत चेंडू मारणे हे कसब आहे, त्याचा सराव करता येतो. १९७६ च्या बेलग्रेडमधील अंतिम सामन्यात पानेन्काने सेप मायर झेपावत असताना चेंडू अलगद मधोमध उचलून दिला, ते काय तिकीट लागल्यामुळे?

गंमत अशी की लॉटरी म्हणणारे आणि अपराधी शोधणारे बहुधा एकच असतात. लॉटरीच असेल तर अपराध कसला? आणि कसब असेल, तर खेळाडू निवडणाऱ्याचे, क्रम लावणाऱ्याचे, १२० मिनिटांत गोल न करणाऱ्या सर्वांचे काय? ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर इंग्लंडने दुसऱ्याच मिनिटाला आघाडी घेतली, ती पुढे गमावली आणि १-१ वर सामना शूटआउटमध्ये गेला. रॅशफर्ड, सँचो आणि एकोणीस वर्षांचा साका चुकले. तिघेही कृष्णवर्णीय. त्या रात्री समाजमाध्यमांवर त्यांच्यावर वांशिक शिव्यांचा जो वर्षाव झाला, त्याला ‘शोकात्म अटळता’ म्हणण्याचे धाडस मला होत नाही. १९९६ मध्ये याच मैदानावर पेनल्टी चुकलेला साउथगेट तेव्हा इंग्लंडचा प्रशिक्षक होता. पेनल्टी कोणी घ्यायच्या हा निर्णय आपला होता, असे त्याने सरळ सांगितले. आमच्या कित्येक समीक्षकांपेक्षा त्याला पाठ अधिक नीट वाचता येत होता. आणि इटलीचे बेलोत्ती व जॉर्जिन्यो? तेही त्याच रात्री चुकले होते. इटली जिंकली, म्हणून त्यांची चूक कोणाच्या लेखी उरली नाही.

‘एवढे काय मनावर घेता, उदाहरणच तर होते,’ असे एका सहकाऱ्याने मला सुनावले. पण उदाहरणेच तर वर्गाबाहेर जातात, व्याख्या वहीतच राहतात.

हल्ली शोकात्मिकेच्या तासाला मी फळ्यावर ०-० एवढेच लिहितो आणि विचारतो, मार्सिओ सांतोस कोण? पॅसाडिनात ब्राझीलची पहिलीच पेनल्टी त्याने वाया घालवली होती. अजून एकाही विद्यार्थ्याला उत्तर देता आलेले नाही.