वाचक की आयपी पत्ता?

वाचककेंद्री समीक्षेने वाचकाला संहितेचा सहनिर्माता ठरवले. तिचे लेख छापणारी सशुल्क नियतकालिके मात्र वाचकाला ओळखतच नाहीत, ती ओळखतात संस्थेचा आयपी पत्ता. लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिर-परिसरातील यज्ञवराहावर लिहिणारा संशोधक विद्यापीठाच्या आवारात सदस्य असतो. त्याच शिल्पासमोर उभे राहून मोबाइलवर लेख उघडू गेला की उपरा. मोबाइल कंपनीचा एकेक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. त्यावरून पात्रता कोणाची ठरणार? महाविद्यालयाने इंटरनेटचा पुरवठादार बदलला आणि नवा पत्ता प्रकाशकाला कळवायचा राहिला, की अख्खे ग्रंथालय एका रात्रीत परके. (दोष अर्थात ग्रंथपालाचा!) दूरस्थ प्रवेशाची सोय असते हे खरे, पण तिलाही संस्थेचीच ओळख लागते.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. म्हणजे राष्ट्र एक, पण नागरिक वगळून! गावोगाव दप्तरे धुंडाळणारे वि. का. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाच्या सेवेत नव्हते. त्यांनी आज कोणता पत्ता द्यावा?