नियतीच्या नावावर किती खपवणार?

झांबियाच्या फुटबॉल संघाची कथा मला नेहमी एकाच चालीत ऐकवली जाते. २७ एप्रिल १९९३ला गॅबॉनच्या लिब्रेव्हिलजवळ संघाचे विमान समुद्रात कोसळले. १८ खेळाडूंसह सगळे ३० जण गेले. १९ वर्षांनी त्याच लिब्रेव्हिलमध्ये नव्या संघाने आयव्हरी कोस्टला पेनल्टींवर ८-७ असे हरवून आफ्रिकेचा चषक जिंकला. नियतीने हिशेब चुकता केला, म्हणे!

२०१२चा तो सामना मीही पाहिला. अंगावर काटा आला, नाकारत नाही. पण या नियतीला माझी हरकत आहे.

ते विमान नियतीने पाठवले नव्हते. संघटनेकडे तिकिटांना पैसे नाहीत म्हणून देशातले उत्तमोत्तम खेळाडू हवाई दलाच्या जुन्या बफेलो विमानात बसवले गेले. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी लुसाकाहून थेट सेनेगलमधल्या डाकारपर्यंत, तेही वाटेत ठिकठिकाणी इंधन भरत. हे विमान त्याआधी कित्येक महिने उडालेले नव्हते. चाचणीत दोष दिसले, तरी पाठवले. लिब्रेव्हिलहून उडताच डावे इंजिन पेटले आणि वैमानिकाने चुकून उजवे बंद केले. आदल्याच दिवशी तो याच संघाला मॉरिशसहून घेऊन आला होता. गॅबॉनचा हा निष्कर्ष बाहेर यायला २००३ उजाडले, आणि चूक ठरली कोणाची? मेलेल्या माणसाची. विमानाला परवानगी देणाऱ्यांचे काय?

देश गरीब होता, काय करणार, असे कोणी म्हणेल. मग कालुशा ब्वाल्याकडे पाहा. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये इटलीला ४-० हरवताना तीन गोल करणारा हा खेळाडू तेव्हा हॉलंडच्या क्लबकडून खेळत होता आणि तिथून परस्पर डाकारला जाणार होता. म्हणून वाचला. यालाही लोक नशीबच म्हणतात! मला त्यात फक्त दोन वेगवेगळ्या विमानांचा प्रवास दिसतो. एक प्रवास धड होता, दुसरा स्वस्तातला.

२०१२चा संघ त्या किनाऱ्यावर जाऊन फुले वाहून आला. त्यांनी जे करायचे ते केले. मृतांचे नातेवाईक मात्र वर्षानुवर्षे आपल्याच सरकारकडे एकच गोष्ट मागत राहिले: झांबियाने स्वतः केलेल्या चौकशीचा अहवाल पूर्ण खुला करा.