साक्षीदारालाच शिक्षा कशासाठी?

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडीमालक घाबरून गॅरेजमध्ये येतो. स्कॅनर लावला की 'पी ०१७१' असा कोड निघतो, म्हणजे मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मग बहुतेक ठिकाणी ठरलेला निवाडा सुनावला जातो: "ऑक्सिजन सेन्सर गेला." काही हजारांचा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, दिवा विझतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा लागतो. ग्राहक मात्र पुन्हा त्याच गॅरेजात येईलच असे नाही.

आमच्या समाजातील हजारो घरांची रोजी गॅरेज, स्पेअर पार्ट, डेंटिंग-पेंटिंग आणि भंगार यांवर चालते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या एस. टी. स्टँडमागच्या टपरीवजा गॅरेजपर्यंत या हुन्नराला आजवर कोणी आव्हान देऊ शकले नव्हते. कार्बोरेटरच्या जमान्यात उस्ताद इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू अर्धा आटा फिरवत असे आणि गाडी सुरात येत असे. परंतु मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीच गेली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी. एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ लागू झाले. आता दुचाकीच्या सायलेन्सरलाही हा सेन्सर असतो. तेव्हा त्याची भाषा समजून घेण्यावाचून आपल्या कारागीर बांधवांना गत्यंतर नाही.

मुळात हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, एवढेच तो सांगतो. जुन्या पद्धतीचा झिर्कोनियाचा सेन्सर सुमारे ३०० अंशांपेक्षा जास्त तापल्यावर कामाला लागतो. मिश्रण रिच असेल तर तो ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. मधली रेषा ०.४५ व्होल्टची. साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा, हे प्रमाण त्या रेषेवर येते. गरम इंजिनावर पुढच्या सेन्सरचा आकडा या रेषेच्या वर-खाली सारखा नाचत राहिला पाहिजे. नाचतो आहे म्हणजे सेन्सर जिवंत आहे आणि कॉम्प्युटर त्याचे ऐकतो आहे.

आता आकडा ०.१ वर चिकटून बसला तर? येथेच बहुतेकांची गफलत होते. लीन दाखवणारा सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा एखादा व्हॅक्यूम पाइप फाटून हवा ओढली जात असेल, पंपाचे प्रेशर कमी असेल, इंजेक्टर चोक असेल. एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी बारीक चीर असेल तरी बाहेरची हवा आत येते आणि आकडा खाली जातो. सर्वांत फसवे म्हणजे मिसिंग. एका सिलिंडरचा प्लग आग लावत नसेल तर पेट्रोल जळत नाही, पण त्याबरोबरचा ऑक्सिजनही जसाच्या तसा बाहेर येतो. सेन्सर सांगतो लीन, कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो आणि ते कच्चे पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. शे-दोनशेच्या प्लगपायी कन्व्हर्टर वितळतो, आणि आपण मधल्या मध्ये सेन्सर बदलून मोकळे झालेले असतो.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. गाडी गरम करून एअर फिल्टरच्या बाजूने थोडा कार्ब क्लीनर सोडावा, आकडा ताबडतोब ०.८ च्या वर उडाला पाहिजे. मग एक व्हॅक्यूम पाइप काढावा, तो क्षणात खाली पडला पाहिजे. दोन्हीकडे झटकन धावला तर सेन्सर निर्दोष समजावा. रेंगाळला, मधेच अडकला तर बदलायला हरकत नाही. मात्र बी. एस. ६ च्या अनेक गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो. त्याला मल्टिमीटर लावून ०.१ आणि ०.९ शोधणे व्यर्थ आहे, तो करंटवर चालतो. स्कॅनरवर लॅम्ब्डाचा आकडा पाहावा. १ म्हणजे बरोबर, १ च्या वर लीन, खाली रिच.

व्होल्टपेक्षाही मोलाचे आकडे आहेत ते फ्युएल ट्रिमचे. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन ट्रिम असतात. अधिक चिन्ह म्हणजे कॉम्प्युटर पदरचे पेट्रोल वाढवतो आहे, उणे म्हणजे कापतो आहे. दोन्हींची बेरीज दहाच्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. आयडलिंगला अधिक बावीस आणि अडीच हजार आर. पी. एम. ला अधिक चार दिसले तर हवा लीक शोधा, कारण कमी रेसवर ती गळती एकूण हवेच्या मानाने मोठी असते. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेला तर पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर पाहा. ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर असतो, तेथे गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, नुसती रेस वाढलेली असते. सी. एन. जी. किट बसवलेली गाडी आली तर ट्रिम पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळे लिहून घ्यावेत. किटचे ट्यूनिंग चुकलेले असेल तर गॅसवर शिकलेला लाँग टर्म पेट्रोलवरही त्रास देतो. आणि २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल भरलेल्या जुन्या गाडीत ट्रिम थोडा अधिककडे सरकणारच. इथेनॉलला हवा कमी लागते. त्यासाठी सेन्सर खोलू नये.

हे आकडे दाखवणारे साधे ब्लूटूथ यंत्र हजार-दोन हजारांत मिळते. मग अडचण कोठे आहे? आमच्या मते अडचण यंत्राची नाही, मजुरीची आहे. आपण तपासणीचे पैसे मागायला संकोचतो. अर्धा तास खपून दहा रुपयांचा पाइप शोधला तर बिल करायचे कशाचे? पार्ट बदलला की त्यावर नफाही मिळतो आणि मजुरीही. म्हणजे कामाची रीतच अशी बसली आहे की अचूक निदान करणारा कारागीर तोट्यात आणि अंदाजाने पार्ट बदलणारा फायद्यात. डॉक्टर तपासणीची फी घेतो तेव्हा कोणी भांडत नाही. गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी एकत्र बसून तपासणीचा दर ठरवावा, तो फळ्यावर लावावा, आणि बिलावर दुरुस्तीआधीचे व नंतरचे ट्रिमचे आकडे लिहून द्यावेत. दोन-चार ग्राहक कुरकुरतील, हे आम्ही जाणतो.

कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरविषयीही लिहिणे भाग आहे. तो साधारण ०.६-०.७ व्होल्टवर शांत असावा. पुढच्यासारखाच नाचू लागला की कन्व्हर्टर थकला, 'पी ०४२०' येतो. येथे काही ठिकाणी मागच्या सेन्सरखाली पोकळ नट बसवून कॉम्प्युटरला फसवले जाते. कन्व्हर्टर काढून आतील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसाठी भंगारात विकण्याचे प्रकारही होतात. दिवा विझतो, पण बी. एस. ४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीची पी. यू. सी. तपासणी नुसत्या आयडलिंगवर होत नाही. अडीच हजार आर. पी. एम. च्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. पोकळ नट तेथे कामी येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत आहे. तो गाडीमालक भरतो, नट बसवणारा नाही.