सून सासरची, की व्हिसाची?

‘मुलगी म्हणजे परक्याचं धन’ असं मराठीत म्हणतात आणि उर्दूत ‘बेटी पराया धन’. मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते. लिप्या वेगळ्या, समज मात्र एकच. परदेशी सुनेच्या बाबतीत आपलं सरकारही याच समजुतीवर चालतं, फक्त अर्ध्या वाटेपर्यंत. बाई नवऱ्यामागे येणार हे त्याला मान्य आहे. ती इथलीच होणार हे मान्य करायची वेळ आली की फाईल अडते.

नियमच पाहा. पाकिस्तान किंवा बांगलादेशची नागरिक असलेल्या, भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या बाईला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. नियमात शब्द ‘बाई’ असाच आहे. भारतीय मुलीने तिकडच्या मुलाशी निकाह केला तर नवऱ्यासाठी असा रकाना नाही. याच नियमात आणखी एक सोय आहे: मूळची इथली, तिकडे दिलेली मुलगी विधवा झाली किंवा तिचा तलाक झाला, आणि तिकडे आधाराला घरात पुरुष नसला, तर तिला परत येता येतं. म्हणजे आत येताना नवरा दाखवायचा आणि माहेरी परतताना पुरुष नसल्याचं दाखवायचं. बाईची स्वतःची अशी नोंद कुठेच नाही.

नागरिकत्वाचं काय? १९५५ च्या मूळ कायद्यात, भारतीयाशी जिचं लग्न झालं आहे ‘किंवा झालं होतं’ अशा स्त्रीला नोंदणीचा अर्ज करता येत होता. राहण्याच्या वर्षांची अट नव्हती आणि विधवाही त्यात बसत होती. १९८६ मध्ये ही सोय पुरुषांनाही मिळाली, ते चांगलंच झालं. पण सोबत पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षं केली आणि ‘झालं होतं’ हे शब्दही गेले. सात वर्षं पूर्ण झाली तरी नागरिकत्व हा हक्क नव्हे. सरकार ते ‘देऊ शकतं’, एवढंच. ‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’ यांतला फरक मी सातवीच्या मुलांना शिकवते. या बायकांचं अख्खं आयुष्य त्या फरकात जातं.

कोणी म्हणेल, पाकिस्तानात सोयरीक करायला सांगितलं कोणी? त्यांनी कोकणात जाऊन विचारावं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. रत्नागिरी-रायगडची माणसं बोटीने कराचीला कामाला जात, आणि कराचीत आजही कोकणी मुसलमानांची वसाहत आहे. तेव्हा चुलत्याच्या, मामाच्या घरी मुलगी देणं म्हणजे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात देणं होतं. नाती जिथल्या तिथे राहिली, सीमा मधून गेली. आमच्या गडचिरोलीत सिरोंच्याची मुलगी आजही प्राणहिता ओलांडून तेलंगणात नांदायला जाते. तिला कोणी कागद विचारत नाही, कारण त्या नदीवर कोणी देश कापला नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ निरपराध माणसं मारली गेली. मारणाऱ्यांना आणि त्यांना पोसणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी, यात किंतु-परंतु नाही. पण दोन दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची घोषणा झाली. पहिल्या निवेदनात दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सूट होती ती हिंदूंपुरती. दुसऱ्या दिवशीच्या आदेशात धर्माचा उल्लेख न करता दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले गेले. ज्यांच्या मुदतवाढीचा अर्ज टेबलावर पडून होता, त्या मधल्यामध्ये सापडल्या. जम्मूत संसार करणाऱ्या अशाच एका बाईला परत आणा, असा आदेश जून २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

देशाच्या सुरक्षेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. लग्नाच्या आडून कोणी घुसू नये म्हणून चौकशी जरूर करावी. पण या बायका लपलेल्या नाहीत. त्यांचा पत्ता, फोटो, नवऱ्याचं नाव पोलिसांत नोंदलेलं असतं आणि दर मुदतवाढीला नव्याने तपासलं जातं. जिला सरकारने वर्षानुवर्षं तपासून राहू दिलं, ती एका तारखेनंतर अचानक धोकादायक कशी होते? संशय असेल तर त्या बाईवर आरोप ठेवा आणि तिचं म्हणणं ऐका. पासपोर्टचा रंग हा पुरावा नव्हे.

आता आपल्या घरातलं बोलू. पाकिस्तानचा १९५१ चा नागरिकत्व कायदाही नागरिकाच्या परदेशी बायकोला वाट देतो, परदेशी नवऱ्याला नाही. तिथल्या संघीय शरियत न्यायालयाने हा भेदभाव इस्लामला धरून नाही, असं म्हटलं. तरी आमच्या मजलिसीत हा विषय निघतो का? निकाहाच्या दिवशी मेहरच्या रकमेवर तासभर घासाघीस होते, पण मुलगी तिथे कुठल्या व्हिसावर राहणार, विवाहनोंदणी झाली का, नवरा गेला किंवा त्याने सोडलं तर ती कुठे उभी राहील, हे एकही बुजुर्ग विचारत नाही. निकाह हा करार आहे, असं आपण अभिमानाने सांगतो. मग करारातला एक पक्ष देशात राहील की नाही हेच ठाऊक नसताना सही कशी घेता?

‘इथे बसून बाईंना याची काय पंचाईत?’ असं मला विचारलं जातं. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली हिंदू कुटुंबांना याच जंगलात जमीन देऊन वसवलं गेलं, तेव्हा आपल्या जिल्ह्याने त्यांना सामावून घेतलंच ना? बरोबरच केलं. घर गमावलेल्याला जागा द्यायची असते हे या मातीला ठाऊक आहे. घर मांडलेल्या बाईला ती नाकारू नये, एवढंच म्हणणं आहे.

मागणी मोठी नाही. ‘बाई’च्या जागी ‘पती किंवा पत्नी’ लिहा. सात वर्षं पूर्ण झालेल्या अर्जावर ठरावीक मुदतीत, कारण देऊन निर्णय द्या. १९५५ च्या कायद्यातले ‘किंवा झालं होतं’ हे शब्द परत आणा, म्हणजे नवऱ्याच्या जनाज्यामागोमाग विधवेचाही देश जाणार नाही. आणि कुणालाही सीमेवर सोडण्याआधी एकदा तरी तिचं म्हणणं ऐका.