पाणी उष्णता वाहून नेते, गिळत नाही

गांधीनगरच्या आयआयटीमध्ये ३० मे २०२२ रोजी राष्ट्रीय महासंगणन अभियानाअंतर्गत ‘परम अनंत’ हा ८३८ टेराफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याचे शीतन थेट संपर्कातील द्रवाने होते, असा उल्लेख तेव्हाच्या वृत्तांत होता. अशा बातम्यांवरून एक सोयीचा निष्कर्ष रूढ होत आहे: महासंगणकाला द्रवशीतन लागते, त्या अर्थी गेमिंगच्या संगणकालाही तेच हवे, हवेचा कूलर म्हणजे निव्वळ तडजोड. हा निष्कर्ष भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. त्याची किंमत मात्र मोजक्या पैशांत संगणक जुळवणारा विद्यार्थी मोजतो.

पाण्याचे श्रेय पाण्याला दिलेच पाहिजे. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावते. २५० वॅट उष्णता दहा अंशांच्या तापमानवाढीत वाहून न्यायची, तर मिनिटाला अर्ध्या लिटरहूनही कमी पाणी पुरते; हवा मात्र सुमारे बाराशे लिटर लागते. जाहिराती नेमक्या येथे थांबतात. भौतिकशास्त्र थांबत नाही. नळीतले पाणी रेडिएटरपाशी पोहोचते आणि तेथे ती सारी उष्णता खोलीतल्या हवेलाच द्यावी लागते. म्हणजे ती बाराशे लिटर हवा टळत नाही. फक्त तिची जागा बदलते. महासंगणक केंद्रात द्रव हा उष्णता इमारतीबाहेर सोडणाऱ्या व्यवस्थेचा एक दुवा असतो. घरातल्या संगणकात तो एकाच खोलीत घिरट्या घालतो.

गंमत अशी की ‘हवेच्या’ चांगल्या कूलरमध्येही द्रव असतोच. त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये थोडे पाणी असते. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, पात्यांपाशी ती पुन्हा द्रवरूप होते आणि अप्रकट उष्मा तेथे सोडला जातो. तेही पंपाविना. एकंदरीत दोन्ही कूलर पाणी वापरतात आणि दोन्ही शेवटी हवेवरच विसंबतात.

उत्तर भारतातल्या किंवा विदर्भातल्या मे महिन्यात खोली चाळीस अंशांवर असेल, तर यांपैकी एकही कूलर प्रोसेसरला चाळीस अंशांखाली नेऊ शकत नाही. शिवाय गेम खेळताना बहुधा सर्वाधिक उष्णता प्रोसेसर नव्हे, ग्राफिक्स कार्ड निर्माण करते. आरटीएक्स ४०९० या कार्डाची निर्धारित शक्ती ४५० वॅट आहे. प्रोसेसरवर बसवलेले महागडे द्रवशीतन त्या कार्डाला स्पर्शही करत नाही. कॅबिनेटमधून हवा नीट खेळत नसेल, तर दोन्ही उपाय व्यर्थ ठरतात.

द्रवशीतनाला स्थान नाही, असे मुळीच नाही. कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर कमाल २५३ वॅट शक्ती खेचू शकतो. अशा प्रोसेसरवर तासन्‌तास व्हिडिओ प्रक्रिया चालणार असेल, किंवा उंच कूलर मावेल एवढी जागा नसेल, तर मोठा रेडिएटर आपली किंमत वसूल करतो. परंतु त्याच्या चाचण्या वाचताना वेळ पाहावी. पाण्याला तापायला काही मिनिटे लागतात. त्यामुळे दोन मिनिटांच्या चाचणीत दिसणारे तापमान बऱ्याच अंशी शीतनाचे नसते, विलंबाचे असते.

टिकाऊपणाचाही हिशेब हवा. हवेच्या कूलरचा पंखा बिघडला तर तो बदलता येतो. बंद द्रवशीतनाचा पंप बिघडला तर बहुधा संपूर्ण संच टाकून द्यावा लागतो; त्यातला द्रवही वर्षानुवर्षे नळ्यांतून अत्यल्प प्रमाणात झिरपून घटत जातो.

तेव्हा विद्यार्थ्याने विक्रेत्याला आधी तीन प्रश्न विचारावेत: प्रोसेसर प्रत्यक्षात किती वॅट खेचतो, खोलीचे तापमान धरून आकडे सांगितले आहेत का, आणि चाचणी किती वेळ चालली? उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे कॅबिनेटच्या पंख्यांवर, मेमरीवर किंवा पुस्तकांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. महासंगणकाची बातमी अभिमानाने वाचावी. तिचे खरेदीच्या यादीत रूपांतर करू नये.