पराभवाला फितुरी म्हणू नये

१/ जकार्ता, २४ ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडास्पर्धेतील महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे नमविले. विजेत्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

२/ ‘घरची विद्या परक्यांना दिली’ हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. हुतूतू नियमबद्ध होऊन १९२३ साली बडोद्याच्या स्पर्धेत उतरला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनमध्ये जगाला दाखविला. जगाने शिकू नये, तर दाखविला कशासाठी?

३/ १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डी पदकांत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके भारतीय पुरुषांचीच. प्रतिस्पर्धीच नसेल, तर असा खेळ आंतरराष्ट्रीय म्हणवून घेणार तरी किती काळ?

४/ पुढच्याच स्पर्धेत, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला, भारतीय महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण परत आणले. अवघा एक गुण! श्रीगोंद्याच्या मातीत दम घुमविणाऱ्या मुलीला सांगावा तो हा विजय. तो मोठा ठरला, कारण समोरच्यांनाही कबड्डी येत होती. आणि ती त्यांना येते, यात नाशिकच्या एका बाईंचाही वाटा आहे.